सागवानी पेटीत पितळी बिजागरी बसवताना

बिजागरी जागेवर धरून टोकदार सुरीने कड आखा. पेन्सिलची रेघ जाड पडते, आणि तेवढी फट नंतर डोळ्यात खुपत राहते. पटाशी रेघेच्या किंचित आत चालवून खाच कोरा, खोली बिजागरीच्या पात्याच्या जाडीएवढीच ठेवा. मग पात्याच्या मागे खोबरेल तेलात कालवलेलं काजळ अगदी पातळ फासून पातं खाचेत दाबा. लाकडावर काळं उमटेल तेवढंच खरवडायचं, पुन्हा दाबायचं. कंटाळवाणं आहे, पण अंदाजाने कोरलं की खाच खोल जाते, बिजागरी आत बुडते आणि झाकण बंद होताना अडतं. तसं झालंच तर खाली पुठ्ठ्याची पट्टी घाला.

चार नंबरच्या स्क्रूला २ मिमीचं भोक पाडा. पितळ मऊ, सागात सरळ पिळलं तर डोकं तुटतं. म्हणून आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू फिरवून आटे पाडा, तो काढा, पितळीला मेण लावून हाताने बसवा. साबण नको, ओल धरतो. लोखंडी स्क्रू तसाच ठेवलात तर ठाण्याच्या पावसाळी दमट हवेत गंजतो, भोवतीचा सागही काळा पडतो.