मळणी यंत्रावर हात सांभाळा
सोयाबीन असो, गहू असो की हरभरा, मळणीत सगळ्यात जास्त धोका पेंढ्या आत सारणाऱ्याच्या हाताला. म्हणून मशीन भाड्याने सांगताना दर ठरवण्याआधी त्याच्या तोंडाशी असलेलं, पेंढ्या आत सारायचं पन्हाळ बघा. ते किमान ९० सेंटिमीटर लांब हवं आणि आतल्या फिरत्या, दाते असलेल्या ड्रमकडचा निदान ४५ सेंटिमीटर भाग वरून झाकलेला हवा. एवढं अंतर असलं की हात दात्यांपर्यंत पोचतच नाही. झाकण काढून ठेवलं असेल तर आधी बसवून घ्या. ‘काम उरकत नाही’ ही सबब मुळीच ऐकू नका.

साडीवर चढवलेल्या शर्टाच्या बाह्यांची बटणं लावलेली हवीत, पदर खोचलेला, गळ्यातला टॉवेल बाजूला. हातात कडं नको. ट्रॅक्टरच्या फिरत्या शाफ्टवरून कुणालाही ओलांडू देऊ नका, लहान पोरांना तर खळ्यावर फिरकूच देऊ नका.

ओलसर पेंढी अडकली तर आधी ट्रॅक्टर बंद करा, किल्ली खिशात टाका आणि ड्रम पूर्ण थांबू द्या. इंजिन बंद झाल्यावरही तो काही वेळ फिरतोच.

बोट तुटलंच तर जखम स्वच्छ कापडाने घट्ट दाबून हात वर धरा आणि १०८ ला फोन लावा. तुटलेला भाग ओलसर स्वच्छ फडक्यात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घाला. बर्फ त्या पिशवीच्या बाहेरून लावायचा, भाग थेट बर्फात ठेवायचा नाही.