सीवूड्स-नेरुळचा खाडीकिनारा बघायचाय? आधी तिथी बघा

मागच्या वर्षी नाशिकहून आत्या आणि तिची दोन नातवंडं आली होती, फ्लेमिंगो फ्लेमिंगो करत. मी रविवारी आरामात नाश्ता वगैरे करून अकराला त्यांना नवी मुंबईत सीवूड्सला घेऊन गेलो आणि तळ्यावर एक, म्हणजे खरंच एक बगळा उभा होता. आत्या म्हणाली, "छान आहे हो," आणि तो जो 'हो' होता ना तो मला आजपर्यंत लागलाय. तिथेच एक आगरी काका सायकल टेकवून उभे होते, त्यांनी आमच्या दुर्बिणीकडे बघून फक्त एवढंच सांगितलं, "घऱ्याल (म्हणजे घड्याळ) नको बगू, पानी बग."

तर इथे फिरायचं असेल तर पहिलं काम म्हणजे कालनिर्णय काढा. सिरियसली. फ्लेमिंगो खातात खाडीच्या चिखलात, आणि तो चिखल ओहोटीलाच उघडा पडतो. भरतीचं पाणी चढायला लागलं की त्यांना उभं राहायला जागा उरत नाही, मग ते थव्याने उडून आतल्या तळ्यांवर येतात आणि पाणी उतरेपर्यंत एका पायावर झोपा काढतात. म्हणजे जमिनीवरून जवळून बघायचे तर भरतीच हवी, ओहोटीला ते लांब खाडीत गुलाबी रेघेसारखे दिसतात, बस.

भरतीची वेळ काढायचा जुना हिशोब सोपा आहे, तिथीची पाऊणपट. एकादशी असेल तर अकरा पाऊणे सव्वाआठ, म्हणजे सकाळी सव्वाआठ आणि परत रात्री सव्वाआठच्या आसपास पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, पंचमीला पावणेचार. पंधरवडा शुक्ल असो की कृष्ण, हिशोब तोच. यात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरा, खाडीत आत पाणी जरा उशिराच चढतं, आणि अगदी नेमकी वेळ हवी तर मोबाईलवर भरती-ओहोटीचं टेबल बघा.

आता यातली गंमत. पौर्णिमा-अमावस्येला भरती मोठी असते पण येते बाराच्या सुमारास, उन्हात टाळकं भाजतं. अष्टमीला वेळ झकास, सकाळी सहा-साडेसहा, पण तेव्हा भांगाची भरती असते, पाणी कमी चढतं, चिखल पूर्ण बुडतच नाही आणि पक्षी आरामात बाहेरच चरत बसतात. म्हणून माझं मत विचाराल तर सकाळी जाणाऱ्यांनी एकादशी ते त्रयोदशी आणि उशिरा उठणाऱ्यांनी संकष्टी किंवा पंचमीची दुपार धरावी. भरतीच्या दीड-दोन तास आधी पोचा, कारण खरी मजा बसलेल्या पक्ष्यांत नाही, ते थवेच्या थवे खाडीलगतच्या पाम बीच रोडवरून, आपल्या डोक्यावरून आत येतात त्यात आहे. पंखाखालचा तो लाल-काळा रंग उडतानाच नीट दिसतो. सीझन साधारण नोव्हेंबर-डिसेंबरपासून मे अखेरपर्यंत, आणि फेब्रुवारी-मार्च बेस्ट. राखाडी मळकट दिसणारे पक्षी वेगळे नसतात हां, ती पिल्लं, गुलाबी रंग खाण्यातून हळूहळू चढतो.

जायचं कसं, तर हार्बर लाईनने सीवूड्स स्टेशन, बोर्डावर आता सीवूड्स-दारावे-करावे असं लांबलचक नाव आहे. तिथून रिक्षाला 'डीपीएस तलाव' सांगा, शाळेच्या मागचं तळं, सगळ्यांना माहितीये. त्याच पट्ट्यात पुढे टी.एस. चाणक्य या मर्चंट नेव्हीच्या ट्रेनिंग संस्थेच्या मागे पाणथळ आहे, तिकडेही पक्षी असतात. सोबत दुर्बीण, टोपी, पाणी, आणि संध्याकाळ असेल तर डासांचं क्रीम, हे विसरलात तर पक्षी नाही, पाय खाजवणंच लक्षात राहील. तळ्याच्या काठावर खाली उतरू नका, थव्याकडे दगड मारून 'उडवून दाखव' म्हणणारे हिरो दर रविवारी एकतरी भेटतात, त्यांना तोंडावर बोला, मी बोलतो. आणि ड्रोन अजिबात नको.

पाम बीच रोड मात्र सिग्नललाच क्रॉस करा. फोटोसाठी मध्येच गाडी थांबवणं हा तिथला सगळ्यात मूर्ख प्रकार, गाड्या विमानासारख्या येतात.

दुसरा थांबा ज्वेल ऑफ नवी मुंबई, नेरुळला, पाम बीचच्या आतल्या बाजूला. बाहेरून आलेल्यांना हे नुसतं तळ्याभोवतीचं जॉगिंग ट्रॅक वाटतं आणि ते फोटो काढून निघून जातात, पण हे तळं म्हणजे शहराचं प्लंबिंग आहे. नवी मुंबईची बरीचशी जमीन इतकी खाली आहे की मोठ्या भरतीला समुद्राचं पाणी गटारांच्या तोंडापेक्षा वर असतं, मग भर पावसात भरती आली तर पावसाचं पाणी जाणार कुठे? म्हणून हे शहर वसवणाऱ्या सिडकोने डच पद्धतीने ही धारण तलावं केली. खाडीच्या तोंडाला झडपा असतात, भरती चढली की पाण्याच्या दाबानेच त्या बंद होतात, तोपर्यंत पाऊस तळ्यात साठतो, ओहोटी लागली की झडप उघडते आणि पाणी खाडीत जातं. मोटार नाही, बटण नाही. (गाळ काढला नाही तर मात्र सगळं मुसळ केरात, पण तो विषय काढला की मी थांबत नाही.) ट्रॅकवर एक चक्कर मारताना पाण्याची पातळी कुठवर आलीये ते काठावरच्या ओल्या रेघेवर बघा, मग पार्क वेगळंच दिसतं.

भूक लागली की बेलापूर. पाम बीच रोड जिथे संपतो तिथे किल्ला जंक्शन, नाव उगाच नाही, गावठाणात बेलापूरच्या जुन्या किल्ल्याचा बुरूज खरंच शिल्लक आहे. राजगड-रायगडाची अपेक्षा ठेवून जाऊ नका, पण खाडीच्या तोंडावर पहारा ठेवायला हीच जागा का निवडली ते उभं राहिल्यावर कळतं. तिथूनच जवळ दिवाळे कोळीवाडा आणि तिथला मासळी बाजार. बाजारात सकाळीच जा, आणि भाव करायचा असेल तर आधी दोन मिनिटं उभं राहून ऐका, पहिल्याच वाक्यात अर्ध्या किमतीला मागितलंत तर मावशी जे बोलेल ते लिहिता येणार नाही. चिंबोरी (खेकडा) घ्यायची तर हातात उचलून वजनाला जड लागते का बघा, हलकी म्हणजे आत पोकळ. निवटी दिसली तर नक्की घ्या, तीच ती चिखलात उड्या मारणारी, शहरातल्या हॉटेलात सहसा मिळत नाही. जिताडा मिळाला तर नशीब. शिजवायची सोय नसेल तर बेलापूर-नेरुळकडच्या कुठल्याही आगरी खानावळीत तांदळाची भाकरी आणि चिंबोरीचा रस्सा मागा, मेनूकार्ड जितकं लहान तितकं जेवण चांगलं असा माझा अनुभव.

जेवणानंतर पाय चालत असतील तर बेलापूरच्या सेक्टर ८ मधलं आर्टिस्ट व्हिलेज बघा. खाडीवर नाहीये, पण आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांनी ऐंशीच्या दशकात केलेली बसकी घरं, छोट्या चौकांभोवती, आणि लोकांनी नंतर त्यावर आपापले मजले चढवलेत, काहींना ते विद्रूप वाटतं, मला नाही वाटत, ती घरं वाढवण्यासाठीच बांधली होती. तिथे लोक राहतात, खिडकीत कॅमेरा घालू नका.

संध्याकाळी वाशीला परत या, मिनी सीशोर आणि सागर विहार. गर्दी असते, भुट्टेवाले असतात, पोरांचा गोंधळ असतो, पण आपण खाडीच्या पूर्वेला असल्यामुळे इथून सूर्य मुंबईवर मावळतो, आणि मुंबईत राहणाऱ्याला मुंबई अशी लांबून, गप्प, क्वचितच दिसते. अंधार पडल्यावर तिवरांच्या बाजूने कोल्हेकुई ऐकू आली तर दचकू नका, नवी मुंबईच्या खारफुटीत खरोखरचे कोल्हे आहेत.

बोटीतून फ्लेमिंगो बघायचे असतील तर तो दिवस वेगळा ठेवा. ऐरोलीला वन विभागाचं सागरी जैवविविधता केंद्र आहे, तिथून ठाणे खाडी अभयारण्यात बोट जाते. हे अभयारण्य २०१५ साली जाहीर झालं आणि २०२२ मध्ये रामसर यादीत आलं. बोटीची वेळ रोज पाण्याप्रमाणे बदलते, म्हणून आधी बुकिंग करा आणि 'आम्हाला दहाचीच पाहिजे' असा हट्ट धरू नका.

आणि रविवारी येणार असाल तर तिथीबरोबर हार्बरचा मेगाब्लॉकही बघून घ्या. यंदा आत्याला त्रयोदशीला बोलावलं, भरती बरोब्बर साधली, पक्षी आले, आत्या मात्र कुर्ल्यालाच अडकून बसली.