इंजिन बसलं, रेस अडली: अ‍ॅक्सिलरेटरच्या जोडणीतल्या या चुका टाळा

जुन्या अ‍ॅम्बॅसॅडरमधलं १४८९ सीसीचं मूळ इंजिन काढून १.८ लिटरचं इसुझू बसवलं की तक्रारी साधारण ठरलेल्या असतात. गाडी ओढत नाही, स्लो (पाय उचलल्यावरची इंजिनाची गती) खाली येत नाही, क्लच सोडताना झटके बसतात. लगेच कार्ब्युरेटर खोलला जातो, जेट (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक तोट्या) बदलले जातात. बिघाड मात्र बऱ्याचदा पेडल आणि बटरफ्लाय (कार्ब्युरेटरमधली हवेची वाट उघड-बंद करणारी गोल झडप, म्हणजेच थ्रॉटल) यांच्यामधल्या जोडणीत असतो. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय!

जेटला हात लावण्याआधी पाच मिनिटं काढा. इंजिन बंद ठेवा, एअर फिल्टर उतरवा. एकाने ड्रायव्हरच्या जागी बसून पेडल तळापर्यंत दाबायचं, तेही गाडीत रोजची मॅट अंथरलेली असताना. दुसऱ्याने टॉर्च घेऊन कार्ब्युरेटरच्या तोंडातून खाली बघायचं. बटरफ्लाय सरळ उभी दिसली पाहिजे. बॉनेटखाली हाताने लिव्हर ओढून 'पूर्ण उघडतेय की' म्हणण्याला काही अर्थ नाही, कारण पायाला तेवढी ओढ मिळते की नाही हेच तर बघायचंय. डबल बॅरल, म्हणजे हवेच्या दोन नळ्या असलेल्या, कार्ब्युरेटरमधला दुसरा बॅरल व्हॅक्यूमवर चालणारा असेल तर तो बंद इंजिनावर उघडणार नाही. तो दोष धरू नका.

मोजमाप न करता जुनंच पेडल जोडणं

नव्या इंजिनाच्या कार्ब्युरेटरची जागा, उंची आणि लिव्हरची दिशा वेगळी असते. जुना रॉड वाकवून कसाबसा पोचवला जातो आणि तिथेच गणित फसतं.

बटरफ्लाय पूर्ण बंद ते पूर्ण उघडी साधारण ८० अंश फिरते. केबल २५ मिमी त्रिज्येच्या गोल क्वाड्रंटवर (केबल जिच्या कडेवरून फिरते त्या चकतीवर) असेल, तर ती सुमारे ३५ मिमी ओढली गेली पाहिजे. आता पेडल मोजा. समजा पाय पिव्हटपासून (पेडल ज्या खिळीवर फिरतं तिथून) २०० मिमीवर पडतो, पेडल ९० मिमी दाबलं जातं आणि केबल पिव्हटपासून ५० मिमीवर अडकवली आहे. ओढ मिळाली २२.५ मिमी, म्हणजे बटरफ्लाय उघडली जेमतेम ५२ अंश. इंजिनाची वरची ताकद कधी वापरातच आली नाही. भोक ७८ मिमीवर घेतलं की ३५ मिमी मिळतात. त्याहून फार लांब घेतलं तर पेडल जड होतं आणि नुसता पाय टेकवला तरी गाडी उसळते. वडोदऱ्यातल्या मांडवीच्या गर्दीत अशी गाडी नकोशी होते.

गोल क्वाड्रंटऐवजी सरळ लिव्हर आणि रॉड असेल तर अर्ध्या दाबावर दोघांमध्ये काटकोन हवा. पूर्ण दाबल्यावर दोन्ही एका रेषेत आले तर जोड तिथेच अडकतो, स्प्रिंगला तो परत आणता येत नाही. हा प्रकार जिवावर बेतणारा आहे.

पेडलला स्टॉप नसणं

बटरफ्लाय पूर्ण उघडली की पुढचा जोर केबलवर आणि थ्रॉटलच्या शाफ्टवर जातो. म्हणून पेडलखाली फ्लोअरवर ८ मिमीचा बोल्ट आणि चेक नट लावा. बटरफ्लाय उभी झाली त्याच क्षणी पेडल बोल्टला टेकलं पाहिजे. दुसऱ्या टोकाला, पाय उचललेला असताना, केबलमध्ये १ ते २ मिमी ढील ठेवा. स्लो नेहमी कार्ब्युरेटरच्या स्टॉप स्क्रूने ठरवायचा, केबल ताणून कधीच नाही. त्याआधी चोक (थंड इंजिन सुरू करताना ओढायची कळ) पूर्ण आत गेलाय ना ते बघा. चोकची केबल थोडी अडली तरी तिचा कॅम थ्रॉटल उचलून धरतो आणि तुम्ही उगाच स्क्रू फिरवत बसता.

केबलचं टोक लिव्हरवरच्या साध्या बोल्टखाली चेपू नका. प्रत्येक दाबाला तार तिथेच दुमडते, एकेक काडी तुटते आणि तुटलेली काडी कव्हरच्या तोंडाशी अडकून रेस धरून ठेवते. आरपार भोक असलेली, लिव्हरमध्ये मोकळी फिरणारी पिन हवी. वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतला कोणताही लेथवाला नमुना दाखवला की अशी पिन करून देईल.

इंजिन हलतं, बॉडी हलत नाही

क्लच सोडताना इंजिन माउंटिंगवर (ज्या रबरी आधारांवर ते बसतं त्यांवर) एका बाजूला झुकतं. केबलच्या कव्हरचं शेवटचं टोक बॉडीवर अडकवलं असेल, तर या झुकण्याने केबल आपोआप ओढली जाते. रेस वाढते, इंजिन आणखी झुकतं, मग परत येतं, आणि गाडी बेडकासारखी उड्या मारते. त्या टोकाचा ब्रॅकेट इनटेक मॅनिफोल्डवर किंवा कार्ब्युरेटरच्या स्टडवरच हवा. बॉडीवरून थेट इंजिनाकडे जाणारा कडक रॉड ठेवायचाच असेल तर दोन्ही टोकांना बॉल जॉइंट द्या. माउंटिंग फुगलेलं किंवा फाटलेलं असेल तर ते आधी बदला.

विसरलेली अर्थिंग

हा दोष सगळ्यात फसवा. इंजिन उतरवताना ब्लॉक आणि चासी यांच्यामधली अर्थिंगची पट्टी काढली जाते आणि परत लावायची राहते. माउंटिंग रबराची, त्यामुळे स्टार्टरचा करंट परतीची वाट शोधतो. ती वाट म्हणजे अ‍ॅक्सिलरेटरची किंवा चोकची केबल. कव्हर तापतं, आतलं नायलॉन वितळतं आणि नवी केबलही काही दिवसांत चिकटते. इग्निशनच्या कॉइलची वायर काढून स्टार्टर फिरवा आणि त्या वेळी ब्लॉक ते बॅटरीचं निगेटिव्ह टोक मोजा. ०.२ व्होल्टच्या आत असलं तर ठीक. अर्धा व्होल्ट दिसला तर जाड पट्टी टाका आणि चिकटलेली केबल फेकून द्या.

बटरफ्लाय परत बंद करणाऱ्या स्प्रिंग दोन हव्यात आणि दोन्ही थ्रॉटलच्या लिव्हरवर. पेडलवरची स्प्रिंग यात धरायची नाही, कारण केबल तुटली तर तिचा काही उपयोग नाही. एक काढून बघा: उरलेल्या एकटीने बटरफ्लाय पूर्ण उघड्या स्थितीतून खाडकन बंद केली पाहिजे. स्प्रिंग लिव्हरच्या फिरण्याच्या रेषेतच ओढणारी हवी. तिरकी ओढ शाफ्टचं बुश खाते, तिथून हवा आत जाते आणि स्लो वर-खाली होऊ लागतो.

केबलचा वळसा १०० मिमी त्रिज्येपेक्षा कमी नको. एक्झॉस्ट मॅनिफोल्डपासून निदान ५० मिमी अंतर ठेवून वर उष्णतारोधक स्लीव्ह चढवा. नायलॉनच्या अस्तराच्या केबलमध्ये तेल सोडू नका, धूळ धरते. ऑगस्ट २०२४ मध्ये वडोदऱ्यात विश्वामित्री नदीच्या पुरात बुडालेल्या गाडीची केबल तर धुवायच्या भानगडीतच पडू नये. आतला बारीक गाळ निघत नाही.

कागदांचंही बघून ठेवा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे इंजिनातला बदल आरटीओच्या नोंदीत यावा लागतो. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या गाडीची विंटेज नोंदणी मूळ स्वरूपातल्या गाडीलाच मिळते, तेव्हा बदललेल्या इंजिनावर ती आशा सोडा.

शेवटची परीक्षा गरम गाडीवर घ्या. वीस मिनिटं चालवा, बॉनेट बंद ठेवून दहा मिनिटं उभी करा, मग पेडल हळूहळू दाबा. थंड असताना हलकं आणि आता जड लागलं तर केबलची वाट मॅनिफोल्डपासून दूर न्यावी लागेल. दोन्ही वेळी सारखंच जड असेल तर वळसे आणि पिन तपासा.