डिशवॉशरला मीठ घाला, मोहरी नको

जर्मनीत भाड्याचं घर मिळालं की पेढे वाटण्याआधी एकदा स्वयंपाकघर डोळ्यांनी बघून घ्या. पुष्कळदा ते नसतंच. चार भिंती, भिंतीतून डोकावणारे पाण्याचे व्हॉल्व्ह आणि शेगडीसाठी सोडलेली एक जाड वायर, एवढंच असतं. ओटा, कपाटं, ओव्हन, डिशवॉशर सगळं आपण आणायचं, नाहीतर आधीच्या भाडेकरूकडून पैसे मोजून घ्यायचं. या दुसऱ्या व्यवहाराला इथे 'आब्लोझं' म्हणतात. त्यात घेतलेलं डिशवॉशर बिघडलं तर घरमालक हात वर करतो, आणि ते बरोबरच आहे, कारण ते आता तुमचं असतं. घरमालकाच्याच स्वयंपाकघरातलं असेल तर दुरुस्ती साधारणपणे त्याच्याकडे. म्हणून करार करतानाच हे कोणाचं, ते कागदावर येऊ द्या.

मला म्युनिकला येऊन अठरा वर्षं झाली. या काळात तीन घरं झाली आणि तीन डिशवॉशर. नव्याने आलेल्या मराठी घरांतून मला जे फोन येतात ते फिरून फिरून तीनच तक्रारींचे: मशीन कोनाड्यात बसत नाही, पेले पांढरे पडले, आणि तळाशी पाणी साचलंय. मशीन खरोखर बिघडलंय असं क्वचितच निघतं.

आधी मापाचं. इथे ओट्याखाली बसणारी डिशवॉशर दोनच रुंदीची मिळतात, ६० सेंमी आणि ४५ सेंमी. प्रत्यक्ष मशीन त्याहून दोन मिलिमीटर कमी, म्हणजे ५९.८ किंवा ४४.८ असतं. कोनाडा बरोबर ६० हवा, ५९.५ भरला तर मशीन आत जात नाही, आणि ते दुकानदाराच्या नव्हे, तुमच्या लक्षात यायला हवं. म्हणून रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीनदा मोजा. उंची जमिनीपासून ओट्याच्या खालच्या बाजूपर्यंत, पुढे आणि मागे दोन्हीकडे मोजा आणि सगळ्यात कमी आकडा धरा. जुन्या घरांतल्या फरशीला उतार असतो. नेहमीचं मशीन ८१.५ सेंमी उंच असतं आणि पाय फिरवून साधारण ८७.५ पर्यंत चढवता येतं. त्याहून पाच सेंमी उंच प्रकारही मिळतो. ओटा उंच असेल तर तोच घ्या, आत जागा जास्त मिळते. कोनाड्याची खोली किमान ५५ सेंमी लागते आणि मागे नळी दबता कामा नये.

मग दाराचा प्रकार. 'फोलइंटेग्रीर्ट' म्हणजे सगळं कपाटाच्या दाराआड, बटणं दाराच्या वरच्या कडेला लपलेली. 'टाइलइंटेग्रीर्ट' म्हणजे बटणांची पट्टी बाहेर दिसते आणि तिच्याखाली कपाटाची फळी. आब्लोझंवर घेतलेल्या स्वयंपाकघरातलं मशीन बदलताना जो प्रकार होता तोच आणा. एकाची फळी दुसऱ्याला लागत नाही, उंची वेगळी असते. आणखी एक गोची तळाच्या पट्टीची, जिला 'झॉकल' म्हणतात. ती उंचीने कमी असेल आणि दाराची फळी लांब, तर दार उघडताना फळी खाली घासते. अशा ठिकाणी फळी वर सरकवणारी बिजागरी असलेलं मशीन लागतं. दुकानात जाताना या सगळ्यांचे फोटो आणि मापं फोनमध्ये ठेवा.

४५ की ६०? दोघंच आहोत, लहान पुरे, असं सगळे म्हणतात. आकड्यांत ४५ मध्ये नऊ-दहा माणसांचा सरंजाम बसतो, ६० मध्ये बारा ते चौदांचा. पण तो युरोपीय सरंजाम झाला: सपाट ताटली, खोलगट ताटली, काटे-चमचे. त्यात कढई नाही, कुकर नाही, परात नाही. माझं ऐकाल तर जागा असेल तिथे ६०च घ्या. घरून आणलेली सगळ्यात मोठी परात मोजा आणि दुकानात खालच्या टोपलीत तेवढी जागा आहे का ते बघा. विक्रेता चमत्कारिक नजरेने बघेल, बघू दे.

बसवणं अवघड नाही, पण चार गोष्टी सांभाळा. पाणी सिंकखालच्या 'एकव्हेंटिल'ला, म्हणजे भिंतीतल्या छोट्या व्हॉल्व्हला जोडायचं, थंड पाण्याच्या. प्लग थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये, एक्स्टेन्शन बोर्डवर नको. सांडपाण्याची नळी सायफनला, म्हणजे सिंकखालच्या वाकड्या पाइपला लावण्याआधी ओट्याखाली उंच उचलून बांधा, म्हणजे सिंकचं खरकटं पाणी उलटं मशीनमध्ये येत नाही. आणि मशीन ओट्याला किंवा बाजूच्या कपाटांना स्क्रूने नक्की धरून ठेवा. ते सुटं राहिलं तर भरलेली खालची टोपली बाहेर ओढल्याबरोबर अख्खं मशीन पुढे कलतं. सोबत आलेली चिकट पट्टी ओट्याच्या खालच्या बाजूला लावायची असते. ती फेकलीत तर वर्षभरात वाफेने ओट्याची कड फुगते.

आता पाणी. आल्प्सच्या पायथ्याची जमीन चुनखडीची, आणि म्युनिकचं पाणी १८८३ पासून मांगफाल नदीच्या खोऱ्यातून येतं. प्यायला झकास, थेट नळाला तोंड लावा. पण ते जड आहे, म्हणजे त्यात क्षार जास्त. इथे पाण्याचा जडपणा 'जर्मन अंशां'त मोजतात. ८.४ च्या खाली मऊ, ८.४ ते १४ मध्यम, १४ च्या वर जड. म्युनिक जड गटात येतं. श्टुटगार्टमध्ये ज्या भागांना बोडन सरोवराचं पाणी मिळतं तिथे आकडा नऊच्या आसपास असतो. तुमच्या भागाचा आकडा पाणी देणाऱ्या महापालिका कंपनीच्या साइटवर मिळतो. 'वासरहेर्टं' हा शब्द शोधा. तो आकडा हाती आल्याशिवाय पहिलं भांडं लावू नका, कारण मशीनमध्ये तो भरावा लागतो. कारखान्यातून आलेलं सेटिंग तुमच्या नळाला विचारून केलेलं नसतं.

आपल्याकडचे लोक इथेच अडतात. भांड्याच्या मशीनमध्ये मीठ कशाला? तर तळाशी उजवीकडे-डावीकडे एक झाकण असतं, त्याखाली मिठाची टाकी. मशीनच्या आत राळेचे बारीक मणी असतात. पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम ते धरून ठेवतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. मणी भरले की मिठाचं पाणी त्यांच्यावरून जातं, कॅल्शियम धुऊन निघतं आणि मणी पुन्हा कामाला लागतात. म्हणजे मीठ भांड्यांना लागत नाही, ते मण्यांचं जेवण आहे. यासाठी जाड दाण्यांचं 'श्पेत्सियालझाल्त्स' मिळतं, कुठल्याही 'डीएम' किंवा 'रोसमान' दुकानात. आपलं टेबल सॉल्ट नको. त्यात गुठळी न होण्यासाठी घातलेले पदार्थ असतात आणि ते मार्ग तुंबवतात. पहिल्यांदा टाकीत आधी पाणी भरायचं, मग मीठ. नंतर फक्त मीठ. मीठ घातलं की लगेच मशीन लावा, सांडलेले दाणे स्टीलवर रात्रभर राहिले तर गंज चढतो. आणि देवाशपथ सांगतो, त्या टाकीत कधीही साबण जाऊ देऊ नका. एका मित्राच्या पाहुण्यांनी मदत म्हणून पावडर ओतली होती आणि मऊ करणारा अख्खा भाग बदलावा लागला.

'माझ्या साबणाच्या टॅबलेटमध्ये सगळं आहे' हे वाक्य मी रोज ऐकतो. मध्यम पाण्यात कदाचित भागेल. म्युनिकमध्ये मीठ वेगळं आणि 'क्लारश्प्यूलर' वेगळा, हेच स्वस्त पडतं. तो निळसर द्रव पाणी पसरून निथळायला लावतो, त्यामुळे थेंबांचे डाग राहत नाहीत. पेल्यांवर इंद्रधनुषी छटा दिसली की तो जास्त पडतोय, कमी करा. पांढरी साय दिसली तर पेल्यावर व्हिनेगर चोळून बघा. निघाली तर क्षार आहे, मीठ बघा. नाही निघाली तर काचच झिजली आहे, आणि त्यावर उपाय नाही.

आपल्या भांड्यांबद्दल थोडं सविस्तर, कारण मशीनबरोबरच्या पुस्तिकेत त्यांची नावं नसतात. हिंडालियमचा कुकर, अॅल्युमिनियमची कढई, पुरणयंत्र आत टाकू नका. साबण अल्कधर्मी असतो, भांडं काळं-करडं होऊन येतं. आईने दिलेला कुकर पहिल्याच आठवड्यात असा काळवंडला की फोनवर तो विषय निघाला की मी नेटवर्क गेल्याचं सांगतो. बिडाचा तवा, लोखंडी कढई गंजतात. पितळ, तांबं निस्तेज होतं. पोळपाट-लाटणं फाटतं. स्टीलची ताटं, डबे, तांब्या बिनधास्त लावा. फक्त वाट्या हलक्या असतात, पाण्याच्या माऱ्याने उलटतात आणि भरून बसतात. त्या खालच्या टोपलीत ताटांमध्ये तिरप्या अडकवा. स्टीलचा कुकर चालतो, पण शिट्टी आणि रबर काढून हाताने धुवा.

हळदीचं काय? ती तेलात विरघळते, त्यामुळे फोडणीच्या तेलासकट प्लॅस्टिकच्या डब्यांत आणि मशीनच्या पांढऱ्या भागांत शिरते. पिवळा डबा दोन दिवस उन्हात खिडकीत ठेवा, बराचसा रंग उडतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत उन्हाची आशा धरू नका.

भांडी आधी धुवायची का? नाही, फक्त खरकटं काढून टाका. साबणातल्या विकरांना काहीतरी काम हवं असतं. पण दोन गोष्टी मात्र झटकून, पुसून काढाच: भात आणि फोडणी. भाताची पेज गाळणीवर पापुद्रा धरते. मोहरीचा दाणा तर असा नेमक्या मापाचा की गाळणीला चुकवून पाणी उडवणाऱ्या फिरत्या पंख्यात शिरतो आणि त्याच्या छिद्रात अडकतो. वरच्या टोपलीतली भांडी अचानक अस्वच्छ निघू लागली की मी पहिल्यांदा वरचा पंखा काढून नळाखाली हलवतो. खुळखुळा वाजतो. टाचणी किंवा टूथपिकने छिद्रं मोकळी केली की झालं. कढीपत्त्याचा देठ आणखी वाईट, तो थेट पंपापर्यंत जातो.

गाळणी आपल्या घरात आठवड्याला एकदा काढून धुवा. जर्मन शेजारीण महिन्याला म्हणेल, पण तिच्या घरी तूप आणि खोबरेल तेल नसतं. ते थंड झालं की गाळणीत मेणासारखं थिजतं, आणि कुबट वास तिथूनच येतो. दाराच्या रबराच्या खालच्या घडीत बोट फिरवा, काय निघतं ते बघून थक्क व्हाल. महिन्यातून एकदा ६५ किंवा ७० अंशांचा कार्यक्रम लावा. एरवी 'इको' उत्तम. तीन-चार तास लागतात म्हणून घाबरू नका. तो कमी तापमानाला सावकाश धुतो आणि त्यामुळेच वीज कमी घेतो. मार्च २०२१ पासूनच्या ए ते जी लेबलवरचा विजेचा आकडाही 'इको'च्या १०० धुण्यांचा असतो, बिल त्याच्याशी ताडून बघा.

तळाशी पाणी साचलं तर क्रम ठरलेला आहे. मशीन बंद, प्लग बाहेर. पाणी स्पंजने काढा. गाळणी काढा, खाली पंपाचं छोटं झाकण असतं, ते उचलून आत बघा. काचेचा तुकडा असू शकतो, हात जपून. मग सिंकखालची नळी मुडपली आहे का, सायफन तुंबला आहे का. बॉश आणि सीमेन्सच्या मशीनवर ई-२४ म्हणजे सांडपाणी जात नाही, ई-२५ म्हणजे पंप अडला किंवा त्याचं झाकण नीट बसलेलं नाही. ई-१५ आला तर तळाच्या ट्रेमध्ये पाणी उतरलंय आणि सुरक्षा व्यवस्थेने पाणी तोडलंय. नळ बंद करा, कारण शोधा. कारण पुष्कळदा फेस असतो: टॅबलेट संपली म्हणून कोणीतरी हाताने भांडी घासायचं लिक्विड घातलेलं असतं. गळती दिसत असेल तर मात्र स्वतः खटपट नको.

दुसऱ्या घरातला माझा प्रकार सांगतो. नवं सिंक, नवा सायफन, नवं मशीन, आणि पहिल्याच धुण्याला पाणी तळाशी. दोनदा सगळं काढलं, बसवलं. शेवटी कारागीर बोलावला. त्याने नळी काढली, सायफनच्या तोंडात बोट घातलं आणि हसला. नव्या सायफनचं ते तोंड कारखान्यातूनच प्लॅस्टिकने बंद असतं, नळी लावण्याआधी कापायचं असतं. चाकूने एक गोल कापला, पाच मिनिटांत काम झालं. 'आनफार्ट', म्हणजे त्याच्या येण्या-जाण्याचे पैसे, कामापेक्षा जास्त झाले. जाताना ती प्लॅस्टिकची चकती त्याने माझ्या ओट्यावर ठेवली. ती अजून माझ्या हत्यारांच्या डब्यात आहे. कोणाचा पाणी साचल्याचा फोन आला की मी पहिला प्रश्न विचारतो: सिंक नवीन आहे का?