कावीळ ब आणि बाळंतपण : या चुका टाळा

पहिले बाळंतपण माहेरी करण्याची आपल्याकडची रीत कावीळ ब (हिपॅटायटिस बी) च्या, म्हणजे आईकडून बाळाला जन्माच्या वेळी लागू शकणाऱ्या यकृताच्या विषाणूसंसर्गाच्या, बाबतीत अडचणीची ठरू शकते. ओटीभरण आटोपून लेक माहेरी येते आणि तिसऱ्या महिन्यात केलेल्या रक्ततपासणीचा कागद सासरच्या कपाटात राहून जातो. रात्री कळा सुरू झाल्यावर परिचारिकेच्या हाती जे कार्ड पडते, त्यावर ‘एचबीएसएजी’ या, रक्तात हा विषाणू आहे का ते सांगणाऱ्या तपासणीपुढची जागा कोरी असते. अशा वेळी ‘तपासणी झाली होती, सगळे ठीक होते’ या तोंडी सांगण्यावर कोणीही विसंबू नये. पट्टीवरची साधी तपासणी तिथेच पुन्हा करून घ्यावी, कारण तिचा निकाल अर्ध्या तासात हाती येतो. मागच्या खेपेचा अहवालही या खेपेला चालत नाही.

एवढी घाई कशासाठी, हे समजून घ्यायला हवे. मोठ्या माणसाला हा संसर्ग झाला तर तो बहुधा काही महिन्यांत आपोआप जातो. जन्माच्या वेळी लागण झालेल्या दहांपैकी सुमारे नऊ बाळांमध्ये मात्र तो कायमचा मुक्काम करतो आणि पुढे यकृताचा सिरॉसिस (यकृत कडक होऊन निकामी होत जाणे) किंवा कर्करोग होण्याचा धोका राहतो. म्हणून लसीचा पहिला डोस जन्मानंतर 24 तासांच्या आत द्यायचा असतो, आणि आई पॉझिटिव्ह असेल तर शक्यतो 12 तासांच्या आत, सोबत दुसऱ्या मांडीत इम्युनोग्लोब्युलिनचे, म्हणजे विषाणूविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांचे, इंजेक्शन. ‘दीड महिन्याची लस आहेच की’ हा युक्तिवाद इथे लागू पडत नाही. सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यातल्या पेंटाव्हॅलंट (पाच आजारांवरच्या एकत्रित) लसीत कावीळ ब ची लस असते हे खरे, पण तोवर विषाणूने यकृतात घर केलेले असू शकते. रविवार आहे किंवा बाळाचे वजन कमी आहे, ही कारणेही पॉझिटिव्ह आईच्या बाळाला लागू होत नाहीत.

नाव ‘कावीळ’ असल्यामुळे आणखी एक गोंधळ होतो. डोळे पिवळे नाहीत, यकृताच्या तपासण्याही बरोबर आहेत, मग उपचार कशाला, असे घरचे म्हणतात; आणि डोळे पिवळे दिसलेच, तर गळ्यात माळ घालून हळद-तेल बंद करतात. प्रत्यक्षात आई अगदी ठणठणीत दिसत असतानाही तिच्या रक्तात विषाणूचे प्रमाण प्रचंड असू शकते. ते दर मिलिलिटरला 2 लाख आंतरराष्ट्रीय एककांहून अधिक असेल, तर एकट्या लसीवर भिस्त ठेवता येत नाही. अशा आईला साधारण अठ्ठाविसाव्या आठवड्याच्या आत टेनोफोविर या विषाणूरोधक औषधाच्या गोळ्या सुरू करतात. बाळंतपणानंतर त्या परस्पर थांबवल्या तर यकृताची सूज उसळू शकते, तेव्हा कधी थांबायचे हे डॉक्टरांनाच ठरवू द्यावे.

केवळ या कारणासाठी सिझेरियनची गरज नसते. अंगावरचे दूधही तोडू नये. बाळाला लस दिली असेल तर स्तनपान सुरक्षित आहे. बाळंतिणीचे ताट-वाटी वेगळे करण्यापेक्षा नवऱ्याची आणि मोठ्या मुलांची तपासणी करावी, ज्यांना लागण नाही त्यांना लस द्यावी, ब्लेड आणि टूथब्रश मात्र प्रत्येकाचा वेगळा असावा.

शेवटची चूक उतावळेपणाची. दोन महिन्यांच्या बाळाचे रक्त तपासून काही कळत नाही. आईकडून आलेली प्रतिपिंडेच त्यात दिसतात आणि घरभर धसका बसतो. सगळे डोस पूर्ण झाल्यावर, नऊ ते बारा महिन्यांच्या दरम्यान ‘एचबीएसएजी’ आणि ‘अँटी-एचबीएस’ (संरक्षण देणाऱ्या प्रतिपिंडांची) या दोन तपासण्या कराव्यात. यातली पहिली निगेटिव्ह आणि दुसरी पॉझिटिव्ह आली, तर घाबरू नये : लस लागू पडली आहे.