पेटंट आणि अनुदानांवरून नॅनो संशोधनाचा नकाशा काढताय? या चुका टाळा

सगळ्यात मोठी गफलत शोधशब्दापाशीच होते. ‘नॅनो’ने सुरू होणारं काहीही दे म्हटलं, की सोडियम नायट्रेटही जाळ्यात येतं. त्याच्या रासायनिक सूत्राची पहिली चार रोमन अक्षरं ‘नॅनो’च्या स्पेलिंगशी जुळतात आणि शोधयंत्र लहान-मोठ्या अक्षरांत सहसा फरक करत नाही. नॅनोसेकंद, नॅनोलिटर ही नुसती मापंही घुसतात. उलट ग्राफीन, फुलरीन, क्वांटम डॉट, डेंड्रिमर हे नॅनो संशोधनातलेच विषय, पण त्यांच्या नावात ‘नॅनो’ नाही, म्हणून ते निसटतात. वगळायच्या आणि जोडायच्या शब्दांच्या अशा दोन याद्या ठेवा. मग शोधात मिळालेल्या निकालांतून कुठल्याही शंभर नोंदी उचलून स्वतः वाचा. कंटाळवाणं आहे, पण याला पर्याय नाही.

शब्दांऐवजी पेटंटवरच्या वर्गसंकेतावर (विषय सांगणाऱ्या कोडवर) भिस्त असेल तर आणखी एक खड्डा आहे. नॅनोतंत्रज्ञानाचा संकेत ‘बी८२वाय’ पेटंटच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात २०११ साली आला. त्याआधी छापलेल्या पेटंटवर तो नसतो, त्यामुळे नुसते छापील संकेत मोजले तर २०११ला खोटी उसळी दिसते. शिवाय हा संकेत मुख्य वर्गासोबत जोडून दिला जातो. फक्त पहिला वर्ग तपासलात, तर नेमका तोच हुकेल.

एकच शोध अनेक देशांत नोंदवला जातो. म्हणून पेटंट नव्हे, पेटंट-कुटुंबं (एकाच शोधाच्या सगळ्या देशांतल्या पेटंटचा गट) मोजा. आलेखाच्या टोकाला रेघ खाली आली, की संशोधन मंदावलं असं लिहून मोकळे होऊ नका. अर्ज साधारण १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतात, त्यामुळे अगदी अलीकडचे अर्ज मोजणीत आलेलेच नसतात.

अनुदानांत एकच प्रकल्प अनेकदा मोजला जाण्याचा धोका मोठा. अमेरिकेत वैद्यकीय संशोधनाला पैसा देणाऱ्या एनआयएच या सरकारी संस्थेच्या माहितीसाठ्यात एकाच प्रकल्पाची दरवर्षी वेगळी ओळ असते. या ओळींना वेगवेगळे प्रकल्प समजलात, की प्रकल्पांचा आकडा फुगलाच. विज्ञान संशोधनाला पैसा देणाऱ्या एनएसएफ या अमेरिकी सरकारी संस्थेत वेगळा प्रकार दिसतो: संयुक्त प्रकल्पात सहभागी संस्थांना बरेचदा स्वतंत्र क्रमांक मिळतात, म्हणून एकच प्रकल्प अनेक भासतो.

अनुदान आणि पेटंट यांची सांगड घालताना नुसत्या विद्यापीठाच्या नावावर विसंबू नका. तिथून निघालेल्या नवउद्योगाकडे हक्क गेले असतील, तर धागा तुटतो. सरकारी पैशातून झालेल्या शोधाच्या अमेरिकी पेटंटमध्ये तसं सांगणारं वाक्य सुरुवातीलाच असतं. त्यातला अनुदान क्रमांक मात्र प्रत्येक जण आपापल्या पद्धतीने लिहितो. एनएसएफचा असेल तर सुरुवातीची अक्षरं आणि मधल्या रेघा काढून टाका आणि उरलेल्या सात अंकांवर जुळवा.