प्रीमियम ट्रॅव्हल कार्ड की एअरलाइन कार्ड? आधी जुनी तिकिटं काढा

एअरलाइन कार्ड म्हणजे एका विमान कंपनीशी जोडलेलं क्रेडिट कार्ड, तर प्रीमियम ट्रॅव्हल कार्ड म्हणजे बँकेचं, प्रवासाच्या सवलती आणि स्वतःचे पॉइंट देणारं कार्ड. यातलं एक निवडायला बसलं की आपण सगळ्यात आधी वेलकम बोनसचा, म्हणजे कार्ड घेतल्यावर मिळणाऱ्या पॉइंटचा, आकडा बघतो. तो बघाच, पण सगळ्यात शेवटी. बोनस एकदाच मिळतो, वार्षिक फी दरवर्षी जाते.

सुरुवात ईमेलपासून करा. गेल्या बारा महिन्यांतली विमानाची तिकिटं शोधा आणि प्रत्येकासमोर तीन गोष्टी लिहा: कंपनी कोणती, चेक-इन बॅगेचे वेगळे पैसे भरले का, आणि बरोबर किती जण होते. ऑफिसने काढून दिलेली तिकिटं वेगळ्या रकान्यात टाका. त्यांचे माइल (विमान कंपनीचे पॉइंट, ज्यांवर पुढे तिकीट काढता येतं) बहुतेक वेळा तुमच्या खात्यात येतात, पण पैसे तुमच्या कार्डावरून जात नाहीत.

आता नावं मोजा. दहापैकी सात तिकिटं एकाच कंपनीची निघाली, तर एअरलाइन कार्डाचा विचार करण्यात अर्थ आहे. तरी स्वतःला एक प्रश्न विचारा: आपल्याला हव्या त्या मार्गावर तीच कंपनी सोयीची आहे, की त्या-त्या दिवशी ती स्वस्त मिळाली? स्वस्त मिळाली म्हणून घेतली असेल, तर पुढच्या वर्षी दुसरीच स्वस्त असेल आणि तुमचं कार्ड पाकिटात झोपून राहील.

एअरलाइन कार्ड घेतलं की माणूस एकाच कंपनीत अडकतो, हे मात्र अर्धंच खरं. 1997 साली स्टार अलायन्स ही विमान कंपन्यांची युती सुरू झाली, मग वनवर्ल्ड आणि स्कायटीम या युत्या आल्या. त्यामुळे लुफ्तान्साचे माइल वापरून सिंगापूर एअरलाइन्सचं तिकीट काढता येतं. अडकतात त्या कार्डाच्या सवलती. मोफत बॅग किंवा आधी बोर्डिंग सहसा त्याच कंपनीच्या विमानात चालतं, भागीदाराच्या नाही.

माझ्या मते एअरलाइन कार्डाचा खरा जीव माइलमध्ये नसून बॅगेत आहे. चौघांचं कुटुंब दरवेळी बॅगेचे पैसे भरत असेल आणि कार्डामुळे एकाच बुकिंगमधल्या सगळ्यांची बॅग फुकट जात असेल, तर एका जाण्या-येण्यातच फीचा मोठा भाग सुटू शकतो. पण अटी नीट वाचा. काही कार्डांवर सवलत फक्त कार्डधारकाला असते, काहींवर तिकीट त्याच कार्डाने काढलं तरच. आणि तुमच्या तिकिटात बॅग आधीच धरलेली असेल, तर या सवलतीची किंमत शून्य.

प्रीमियम कार्डाची यादी लांबलचक असते: लाउंज, प्रवास विमा, हॉटेलच्या बिलात मिळणारी सूट, कमी फॉरेक्स मार्कअप (परकीय चलनातल्या खर्चावर बँक लावते ती जादा टक्केवारी). प्रत्येक ओळीपुढे विचारा, हे फुकट नसतं तर मी खिशातून पैसे देऊन घेतलं असतं का? नसतं, तर शून्य लिहा. लाउंजच्या काउंटरवर मी हे शिकलो. कार्ड मशीनमध्ये गेलं, माझी एंट्री झाली आणि काउंटरवरची मुलगी हसून म्हणाली, ‘‘सर, तुम्ही या, मॅडमचे मात्र पैसे लागतील.’’ शेवटी आम्ही दोघांनी बाहेर बाकावर बसून चहा घेतला. परदेशात खर्च होत असेल तर मार्कअपची ओळ मात्र भरभक्कम ठरते. साध्या कार्डांवर तो साधारण 2 ते 3.5 टक्के असतो आणि स्टेटमेंट येईपर्यंत लक्षातही येत नाही.

प्रीमियम कार्डाचं दुसरं बळ म्हणजे बँकेचे पॉइंट अनेक एअरलाइन्सकडे हलवून त्यांचे माइल करता येतात. किंमत काढायची रीत सोपी आहे. समजा, रोखीने तिकीट 20,000 रुपयांना आहे आणि माइलवर काढलं तर 25,000 माइल अधिक 3,000 रुपये कर लागतो. म्हणजे माइलनी 17,000 रुपये वाचवले. 17,000 भागिले 25,000, एका माइलला 0.68 रुपये. बँक तोच पॉइंट थेट खरेदीसाठी 1 रुपयाने घेत असेल आणि हलवण्याचं प्रमाण एकास एक असेल, तर हलवणं तोट्याचं.

एकदा हलवलेले पॉइंट सहसा परत येत नाहीत. मी एकदा माइलवर मिळणारी सीट दिसली म्हणून घाईने पॉइंट हलवले, ते पोहोचायला दोन दिवस लागले, तोवर सीट गेली. ते माइल दीड वर्ष पडून होते. म्हणून सीट पक्की दिसल्याशिवाय आणि हलवायला किती वेळ लागतो ते कळल्याशिवाय बटण दाबू नका. साठवूनही ठेवू नका, कारण माइलवर मिळणाऱ्या तिकिटांचे भाव कंपन्या हवे तेव्हा वाढवतात.

दोन्ही कार्डांच्या फायद्यांची वेगवेगळी बेरीज कागदावर मांडा, त्यातून ज्याची त्याची फी वजा करा आणि मग बोनस बघा. दरमहा पूर्ण बिल भरणं जमत नसेल, तर दोन्ही कार्डं बाजूला ठेवा. व्याज सगळे पॉइंट गिळून टाकतं.

कार्ड घेतलंत की फी लागण्याच्या महिनाभर आधीची तारीख फोनमध्ये टाका आणि त्या दिवशी हाच कागद पुन्हा काढा. बंद करायचं ठरलं, तर आधी बँकेचे पॉइंट वापरा किंवा हलवा. एअरलाइनच्या खात्यात जमा झालेले माइल सहसा कार्ड गेलं तरी तिथेच राहतात. बँकेचे पॉइंट मात्र बहुधा कार्डाबरोबरच जातात.